आजीची चूक आणि यंत्राची दुरुस्ती

मागच्या व्याख्यानात आपण नियम आणि सवय यांतला फरक पाहिला होता. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं की सर, याचं एखादं रोजच्या व्यवहारातलं उदाहरण द्या ना. आज उदाहरणच घेऊन आलोय. तत्त्वज्ञानाचा माणूस संगणकावरच्या संगीताबद्दल काय बोलणार, असं काहींना वाटेल. मी गायक नाही, वादक नाही. चाळीसेक वर्षं वर्गात बडबड केली आणि घरी गाणं ऐकलं, एवढाच माझा अधिकार. (हशा) पण आजचा प्रश्न ऐकणाऱ्याचाही आहे, म्हणून बोलायचं धाडस करतो.

आधी घडलं ते सांगतो. माझी पत्नी आमच्या भागातल्या भजनी मंडळात गात असे. काळी पाचमध्ये, मोकळ्या आवाजात. तिला जाऊन सहा वर्षं झाली. तिने म्हटलेल्या एका गौळणीची कॅसेट घरात राहिली होती. माझा नातू इंजिनिअरिंगला आहे, त्याला संगणकावर संगीत करायचा नाद आहे. तो म्हणाला, आजोबा, आजीची चाल मी बासरीच्या आवाजात करून देतो, वर्षश्राद्धाला लावू. त्याने कॅसेट संगणकात घेतली, तिचं मिडीमध्ये रूपांतर केलं आणि मला ऐकवलं. छान झालं होतं. पण एका जागी मला काहीतरी अडखळल्यासारखं झालं. मी म्हटलं, इथे ती असं म्हणत नसे. त्यावर तो सहज म्हणाला, "हो आजोबा, तिथे आजीची एक चूक होती. ती आपोआप सुधारली. स्केल लॉक होतं ना."

या वाक्याने मला पुढचे दोन महिने कामाला लावलं. चूक होती हे कोणी ठरवलं? आणि आपोआप सुधारली म्हणजे कोणी सुधारली?

आता ज्यांना मिडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिडीमध्ये आवाज साठवलेला नसतो. कोणता स्वर, केव्हा सुरू झाला, किती जोरात दाबला, केव्हा सोडला, एवढ्या सूचना असतात. निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून 1983 मध्ये हे मानक आलं. त्यात प्रत्येक स्वराला 0 ते 127 यांपैकी एक क्रमांक असतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे 60. तिच्या शेजारची काळी एक 61, मग पांढरी दोन 62, असं पुढे. म्हणजे पेटीच्या पट्ट्यांना ओळीने नंबर दिले, इतकंच. संगणकाच्या पडद्यावर हे स्वर आडव्या पट्ट्यांसारखे दिसतात. माऊसने धरायचे, वर सरकवायचे, खाली सरकवायचे.

यात एक सोय असते. आधी षड्ज सांगायचा, मग स्वरसंच निवडायचा. आपल्याकडे शब्दाचा जरा घोटाळा आहे. गाणाऱ्याला "स्केल कुठलं?" असं विचारलं तर तो "काळी चार" म्हणतो, म्हणजे षड्जाची पट्टी सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र स्केल म्हणजे षड्ज अधिक त्या षड्जापासून कोणकोणते स्वर चालतील त्यांची यादी. यादी एकदा दिली की पुढे काही लिहा, काही सरकवा, स्वर यादीतच राहतात. क्यूबेसमध्ये या सोयीला स्केल असिस्टंट म्हणतात. एबलटन लाइव्हमध्ये यादीबाहेरच्या ओळी घडी घालून पडद्यावरून दिसेनाशाही करता येतात. इतर कार्यक्रमांत नावं वेगळी, काम साधारण तेच.

टीका करायची तर आधी त्या गोष्टीची बाजू नीट मांडली पाहिजे, म्हणून या सोयीचा गुण सांगतो. समजा पांढरी एकला सा धरून आपण भूपाचे स्वर निवडले: सा रे ग प ध. क्रमांकात 60, 62, 64, 67, 69. आता सा-रे-ग हा तुकडा घेतला आणि नुसता दोन घरं वर सरकवला, तर 62, 64, 66 मिळतात. रे, ग आणि तीव्र म. भूप संपला. पण स्केल लॉक ठेवून एक पायरी वर सरकवला तर 62, 64, 67 मिळतात. रे-ग-प. पुन्हा एक पायरी, ग-प-ध. हे काय झालं? पलटा झाला! सारेग, रेगप, गपध. गाण्याच्या क्लासला गेलेलं प्रत्येक मूल हे घोटतं. म्हणजे अंतर सारखं न ठेवता पायरी सारखी ठेवायची, ही जी सांगीतिक समज आहे, ती या सोयीत खरोखर उतरलेली आहे. सरसकट सरकवण्यापेक्षा ही जास्त शहाणी आहे. शिकाऊ माणसाला तिच्यामुळे धीर येतो. माझ्या नातवाला पाच वर्षं क्लासला न जाता दोन स्वर सुचवता आले, ते तिच्यामुळेच. हे श्रेय काढून घेण्याचा माझा हेतू नाही.

आता अडचण. यादीबाहेरचा स्वर आला तर यंत्र काय करतं? काही ठिकाणी तो गाळला जातो. बहुतेकदा जवळच्या यादीतल्या स्वरावर ढकलला जातो. आपल्या भूपात शुद्ध म म्हणजे 65 आला, तर ग एका घरावर आहे, प दोन घरांवर. म्हणून म चा ग होतो. तीव्र म आला तर प होतो. शुद्ध नी चा वरचा सा होतो, कोमल नी चा ध. पण कोमल रे आला तर? तो सा आणि रे यांच्या बरोबर मध्ये. कोमल ग, रे आणि ग यांच्या बरोबर मध्ये. कोमल ध, प आणि ध यांच्या मध्ये. म्हणजे यादीबाहेरच्या सात स्वरांपैकी तिघांच्या बाबतीत "जवळचा" या शब्दाला अर्थच नाही. तरीही यंत्र थांबत नाही. ते वर जातं किंवा खाली जातं, आणि कुठे जायचं ते कार्यक्रम लिहिणाऱ्याने केव्हाच ठरवून ठेवलेलं असतं. आपल्या कानाला कोणी विचारलेलं नसतं.

हा केवळ आपल्या संगीताचा रडका सूर आहे असं समजू नका. बेथोव्हनची 'फ्युर एलीझ' ही छोटी रचना आपण सगळ्यांनी ऐकली आहे. टेलिफोनवर तुम्हाला थांबवून ठेवतात तेव्हा तीच वाजत असते. (हशा) तिची सुरुवात आठवा. ए मायनरमधली रचना. वरचा ई आणि त्याच्या लगेच खालचा डी शार्प, यांची ती हलती जोडी: 76, 75, 76, 75, 76. हा 75 ए मायनरच्या स्वरसंचात नाही. आणि तो नेमका डी म्हणजे 74 आणि ई म्हणजे 76 यांच्या मध्यावर आहे. लॉक लावून हे लिहायला बसलात तर एक तर पाच वेळा ई-ई-ई-ई-ई असा दरवाजा ठोठावल्यासारखा आवाज येईल, नाही तर एका घराचा तो नाजूक झोका जाऊन सपाट दोन घरांचा होईल. ज्या एका स्वरामुळे ती रचना आपण दुसऱ्या क्षणाला ओळखतो, नेमका तोच नियमबाह्य ठरतो.

आपल्याकडे तर प्रश्न आणखी खोल जातो. भूप आणि देशकार, दोघांचे स्वर तेच पाच. भूपात वादी गंधार, देशकारात धैवत. एक पूर्वांगाचा, एक उत्तरांगाचा. एक रात्रीचा, एक सकाळचा. मारवा, पुरिया, सोहनी यांचंही तसंच. स्वर तेच सहा, पण मारव्यातला कोमल ऋषभ आणि पुरियातला गंधार यांनी दोन वेगळी जगं उभी केलेली. स्वरांची यादी या तिघांत फरक करू शकत नाही. पुढे देस घ्या. चढताना शुद्ध निषाद, उतरताना कोमल. यादीत दोन्ही निषाद घालावे लागतात, आणि एकदा घातले की यंत्र चढतानाही कोमल निषाद खुशाल चालवून घेतं. भैरवीत तर जाणता गायक बाराही स्वरांना फिरवून आणतो. तिथे यादी करायची तर बाराची करावी लागेल, मग लॉक कशाला?

म्हणजे ही सोय एकाच वेळी फार कडक आहे आणि फार ढिली आहे. जिथे सूट हवी तिथे ती अडवते, जिथे अडवायला हवं तिथे सोडून देते. हा दोष प्रोग्रॅमरच्या हुशारीचा नाही. नियम म्हणजे परवानगी असलेल्या वस्तूंची यादी, ही जी समजूत तिच्या मुळाशी आहे, तिचा आहे.

इथे पतंजलींची आठवण होते. महाभाष्याच्या सुरुवातीलाच त्यांनी एक मजेशीर निरीक्षण केलंय. मडकं हवं असलं की माणूस कुंभाराकडे जाऊन मडकं करून मागतो. पण शब्द वापरायचे म्हणून कोणी वैयाकरणाच्या दारात जाऊन मला शब्द करून द्या म्हणत नाही. लोक बोलतात, व्याकरण मागून येतं. पंडित भातखंड्यांनी दहा थाट मांडले, ते गायल्या जाणाऱ्या रागांची व्यवस्था लावण्यासाठी. कोणी थाट घेऊन आलं आणि त्यातून राग कापून काढले, असं झालेलं नाही. संस्कृतात तर ऋषींनी व्याकरणाबाहेरचं रूप वापरलं की आपण त्याला "आर्ष प्रयोग" म्हणतो, दुरुस्त करत नाही. संगीतातही विवादी स्वर जाणकाराने जपून लावला तर रागाची शोभा वाढते, असं परंपरा मानते. नियम पाळणाऱ्या कुठल्याही जिवंत परंपरेने अपवादाला बसायला पाट ठेवलेला असतो.

कांट एक फरक करतो तो आज उपयोगी आहे. निसर्गातली प्रत्येक वस्तू नियमानुसार वागते. दगड खाली पडतो. पण नियमाची जाणीव ठेवून वागणं हे फक्त विवेकी प्राण्याला जमतं. आता बघा, लॉक लावलेल्या पडद्यावर माझा नातू भूपाच्या स्वरांत "राहतो", तो दगडासारखा राहतो. त्याला बाहेर पडताच येत नाही. क्लासमधली मुलगी भूप गाताना चुकून म लावते, बाई डोळे वटारतात, ती पुन्हा गाते. ती भूपात राहते कारण तिला बाहेर पडता येतं. दोघांचे स्वर कागदावर सारखेच दिसतील. पण दुसरीला भूप येतो, पहिल्याचं फक्त यंत्र भूपात आहे.

कोणी म्हणेल, सर, संगणकावर बुद्धिबळ खेळतानाही चुकीची खेळी करू देत नाहीत. उंट सरळ चालवू देत नाहीत, तिथे तुमची तक्रार नाही. रास्त प्रश्न आहे. पण उंट तिरका चालणं हा बुद्धिबळाच्या व्याख्येचाच भाग आहे. तो सरळ चालवलात तर तुम्ही वाईट बुद्धिबळ खेळत नाही, बुद्धिबळच खेळत नाही. आणि सगळ्या खेळ्या नियमात बसूनही डाव हरता येतो, म्हणजे चुकायला भरपूर जागा उरते. संगीतात म लावला म्हणून गाणं थांबत नाही. ते भूप राहत नाही कदाचित, पण दुसरं काहीतरी होतं. काय होतं, हे ऐकावं लागतं.

इथे पेटीचा जुना वाद आठवेल काहींना. बारा पट्ट्यांत आपल्या श्रुती बसत नाहीत, मींड निघत नाही, म्हणून 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली आणि ती तीसेक वर्षं टिकली. मी त्या बंदीच्या बाजूचा नाही. गोविंदराव टेंब्यांपासून पुढे महाराष्ट्रात ज्या हातांनी पेटी वाजवली, त्यांनी या वाद्याची मर्यादा ओळखून वाजवली. पेटीला मींड येत नाही हे पेटी लपवत नाही. आणि चुकीची पट्टी दाबलीत तर पेटी चुकीचाच स्वर वाजवते, सगळ्या सभेला ऐकू जाईल असा! हा तिचा प्रामाणिकपणा. लॉकची गोष्ट वेगळी आहे. तिथे बोट चुकतं आणि आवाज बरोबर येतो.

गंमत म्हणजे मिडीत मींडेची सोय आहे. पिच बेंड नावाची सूचना असते, तिला 16384 पायऱ्या असतात. पण लॉक साधारणपणे स्वराचा क्रमांक तपासतं, ओढ तपासत नाही. म्हणजे ग लावून तो ओढत म पर्यंत नेलात तर लॉक हरकत घेणार नाही. दारातून येणारा म पकडला जातो, खिडकीतून आलेला दिसतच नाही. नातवाने रूपांतर करताना या ओढी काढून टाकल्या होत्या, कारण पडद्यावर त्यांची फार गर्दी होते. त्यामुळे आजीच्या म ला खिडकीही उरली नाही.

आता त्या म कडे येतो. मी कॅसेट काढली आणि पुन्हा पुन्हा ऐकली. ध्रुपदाच्या दुसऱ्या ओळीत, ग वरून खाली येण्याआधी, तिने मध्यमाला हलकासा स्पर्श केला होता. पहिल्या वेळी केला, दुसऱ्या वेळीही त्याच जागी केला. तिसऱ्या वेळी केला नाही. चूक एकाच जागी दोनदा होऊ शकते, नाकारत नाही. पण मंडळातल्या तिच्या एका मैत्रिणीला मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो, त्या गौळणीत तो मध्यम आहेच की. ती काही भूपातली नव्हे, पहाडीच्या अंगाची आहे."

पहाडी! पहाडीचा सांगाडा भूपासारखाच, सा रे ग प ध. पण तिला मध्यम, निषाद यांचा स्पर्श चालतो, किंबहुना त्यानेच ती पहाडी होते. मी नातवाला विचारलं, तू भूप कसा ठरवलास? तो म्हणाला, सगळ्यात जास्त वेळा हे पाच स्वर आले होते, म्हणून ते निवडले. म्हणजे क्रम असा झाला. जास्त स्वरांवरून राग ठरवला. रागावरून यादी ठरवली. यादीत न बसणारा स्वर चूक ठरवला. चूक काढून टाकली. आणि ती काढून टाकल्यावर सगळं गाणं तंतोतंत भूपात बसलं!

शास्त्राच्या तत्त्वज्ञानात आम्ही मुलांना कार्ल पॉपर शिकवायचो. सिद्धान्त खोटा ठरवू शकेल असा पुरावा जपावा, कारण शिकायला तोच उपयोगी पडतो. इथे "हा भूप आहे" हा सिद्धान्त होता आणि तो मध्यम हा त्याच्या विरुद्धचा एकमेव साक्षीदार. यंत्राने सिद्धान्ताच्या आधारे साक्षीदारालाच बाहेर काढलं. आणि मिडीची फाईल एकदा अशी साठवली की तिच्यात फक्त बदललेले क्रमांक उरतात. इथे आधी 65 होता, मग 64 केला, अशी नोंद तिच्यात राहत नाही. स्वरसंच लिहून ठेवायला फाईलमध्ये जी ठरलेली जागा आहे, तिच्यात किती शार्प, किती फ्लॅट आणि मेजर की मायनर एवढंच लिहिता येतं. भूपही लिहिता येत नाही, पहाडीचं तर नावच नको. कॅसेट माळ्यावर टाकली गेली असती तर पन्नास वर्षांनी ऐकणाऱ्याला ती गौळण शुद्ध भूपातली वाटली असती, आणि त्याला दोष देता आला नसता.

तो मध्यम तिने हेतूने लावला की नाही, हे मला आजही शंभर टक्के सांगता येणार नाही. तिसऱ्या वेळी का नाही लावला, हे विचारायला ती नाही. पण हा प्रश्न शिल्लक राहणं माझ्यासाठी महत्त्वाचं आहे. चूक सुधारायला माझी हरकत नाही. चूक आहे की नाही हे विचारायच्या आधीच ती नाहीशी होते, याला हरकत आहे.

मग करायचं काय? नातवाशी बोलून आम्ही घरापुरते तीन नियम केले, ते सांगतो. मूळ रूपांतराची एक प्रत वेगळी ठेवायची, तिला हात लावायचा नाही. दुसरं, लॉकऐवजी नुसतं रंगवणं वापरायचं. बऱ्याच कार्यक्रमांत यादीबाहेरचे स्वर वेगळ्या रंगात दाखवायची सोय असते. यंत्राने "हा वेगळा दिसतोय" एवढं सांगावं, न्याय आपण करू. आणि तिसरं, पलटे करायला, नवीन चाल शोधायला लॉक जरूर लावायचं. पण दुसऱ्या कुणाचं गाणं उतरवून घेताना ते बंद ठेवायचं. आपल्या खेळात आपण नियम करावेत. दुसऱ्याच्या बोलण्यात शब्द घालू नयेत.

वर्षश्राद्धाला आम्ही शेवटी बासरी लावलीच नाही, कॅसेटच लावली. मध्यमाच्या जागी नातवाने माझ्याकडे पाहिलं. त्याला तो ऐकू आला होता. आता त्याने ती चाल पुन्हा करायला घेतली आहे, म ठेवून. तिसऱ्या वेळी ठेवायचा की नाही, यावर आमचा वाद चालू आहे.

थांबतो. तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर आधी जपून ठेवा, मग काय ते करा.